कांद्याची आखाती वाट : सीमाशुल्क, कागद आणि जहाज

चांदवडच्या बाजार समितीत उन्हाळ कांद्याचा लिलाव पुकारला जातो, तेव्हा त्या भावात देशांतर्गत मागणीबरोबरच दुबई, दोहा, मस्कत आणि दम्माम येथील घाऊक बाजारांचाही अंश असतो. निर्यातीसाठी खरेदी करणारा व्यापारी तेथील भावापासून उलटा मोजत येतो; त्यातून जहाजाचे भाडे, कंटेनरचा खर्च, गोणी, प्रतवारी, वजनातील घट, बंदरापर्यंतची वाहतूक आणि स्वतःचा नफा वजा करतो आणि उरलेल्या रकमेच्या आसपास बोली लावतो. या वजाबाकीतील जवळजवळ प्रत्येक आकड्यामागे कोणता ना कोणता नियम उभा असतो, आणि त्या नियमांचा उलगडा हा या व्याख्यानाचा विषय आहे. विवेचनाचा रोख आरंभीच सांगणे इष्ट होईल. आखाती देशांचे सीमाशुल्क हा नाशिक जिल्ह्यातील शेतमालापुढचा सर्वांत लहान अडथळा आहे. त्याहून मोठ्या अडचणी कागद वेळेवर पोहोचण्याच्या आणि माल तपासणीत टिकण्याच्या आहेत, आणि सर्वांत मोठी अडचण भारताच्या स्वतःच्या निर्यातधोरणाच्या अस्थिरतेत आहे.

सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, कुवेत, कतार, बहरीन आणि ओमान या सहा देशांनी १९८१ मध्ये आखाती सहकार्य परिषद स्थापन केली आणि १ जानेवारी २००३ पासून आपसांत सीमाशुल्क संघ सुरू केला. सीमाशुल्क संघ म्हणजे बाहेरून येणाऱ्या मालावर सर्व सदस्य देशांनी एकच दर लावायचा, ते शुल्क माल ज्या बंदरात प्रथम उतरेल तेथे एकदाच घ्यायचे आणि त्यानंतर तो माल संघातील दुसऱ्या देशात गेला तरी पुन्हा शुल्क आकारायचे नाही, अशी व्यवस्था. प्रत्यक्षात ती पूर्णपणे अमलात यायला बराच काळ लागला आणि सीमेवरील ट्रकांच्या रांगा आजही सर्वत्र संपलेल्या नाहीत. तथापि तत्त्व हेच आहे. बहुतेक मालावर या संघाचा समान दर ५ टक्के असून ताजी फळे, भाजीपाला आणि धान्य यांसारख्या मूलभूत खाद्यपदार्थांना सामान्यतः त्यातून सूट आहे, मद्यावर ५० टक्के आणि तंबाखूवर १०० टक्के शुल्क आहे. सौदी अरेबियाने जून २०२० मध्ये अनेक वस्तूंवरील दर स्वतंत्रपणे वाढवले, त्यामुळे ‘आखाताचा दर एकच’ हे विधान आता सौदीपुरते तपासूनच करावे लागते.

हे शुल्क मालाच्या सीआयएफ किमतीवर आकारले जाते. सीआयएफ म्हणजे मालाची किंमत, त्याचा सागरी विमा आणि आखाती बंदरापर्यंतचे जहाजभाडे यांची बेरीज. याउलट एफओबी किंमत भारतीय बंदरात माल जहाजावर चढेपर्यंतचीच असते. यात एक गोष्ट सहज नजरेतून निसटते : जहाजभाडे वाढले की शुल्काचा टक्का तोच राहूनही शुल्काची रक्कम वाढते. त्यावर मूल्यवर्धित कर येतो. अमिराती आणि सौदी अरेबिया यांनी तो १ जानेवारी २०१८ पासून ५ टक्क्यांनी सुरू केला, सौदीने १ जुलै २०२० रोजी तो थेट १५ टक्क्यांवर नेला, बहरीनमध्ये तो २०२२ पासून १० टक्के आहे, ओमानमध्ये एप्रिल २०२१ पासून ५ टक्के आहे आणि कुवेत व कतार यांनी तो लागूच केलेला नाही. समजा, पाच टक्के शुल्काच्या वर्गातील प्रक्रिया केलेल्या खाद्यपदार्थाचा एक कंटेनर दुबईत उतरला आणि त्याची सीआयएफ किंमत ४०,००० डॉलर भरली, तर सीमाशुल्क २,००० डॉलर होते आणि कर ४०,००० वर न लागता ४२,००० वर लागून २,१०० डॉलर होतो. यांपैकी कराची रक्कम नोंदणीकृत आयातदाराला पुढील विक्रीच्या हिशेबात वळती करून घेता येते, शुल्काची मात्र येत नाही; म्हणून शुल्क हा खरा खर्च आणि कर ही बहुतांशी काही आठवडे अडकलेली रक्कम, असा भेद आयातदार करतो.

भारत आणि अमिराती यांच्यातील सर्वंकष आर्थिक भागीदारी करार १८ फेब्रुवारी २०२२ रोजी झाला आणि १ मे २०२२ पासून लागू झाला, तेव्हा जिल्ह्यात कांद्याला त्याचा मोठा लाभ होईल अशी अपेक्षा व्यक्त झाली होती. या कराराने अमिरातीने आपल्या शुल्कसूचीतील सुमारे ९७ टक्के ओळींवरील शुल्क टप्प्याटप्प्याने काढण्याचे मान्य केले हे खरे. परंतु ज्या मालावर आधीच शुल्क नव्हते त्यावरचे शुल्क काढण्यात नवे काही मिळत नाही, आणि ताजा कांदा नेमका त्याच वर्गात मोडतो. लाभ आहे तो प्रक्रिया केलेल्या, पाकीटबंद आणि औद्योगिक मालाला, आणि तोही उगमाचे प्रमाणपत्र बरोबर असेल तरच. माल खरोखर भारतात पिकला किंवा पुरेशा प्रमाणात भारतात तयार झाला, हे अधिकृत संस्थेने लिहून देणे म्हणजे उगमाचे प्रमाणपत्र. तिसऱ्या देशातून आणलेला माल भारतीय म्हणून पुढे सरकवला जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. कांद्याची निर्जलित चकती, बेदाणा किंवा द्राक्षरस यांच्या बाबतीत या कराराचा विचार व्हायला हवा. कच्च्या कांद्याच्या बाबतीत त्याची चर्चा जास्त झाली आणि उपयोग कमी. ओमानशी १८ डिसेंबर २०२५ रोजी मस्कत येथे झालेल्या अशाच कराराकडेही याच नजरेने पाहणे योग्य ठरेल.

चलनाच्या बाजूने आखाताचा व्यवहार सोपा आहे, कारण कुवेत वगळता सर्व सदस्य देशांची चलने अमेरिकी डॉलरला बांधलेली असून अमिरातीचा दिरहम १९९७ पासून एका डॉलरला ३.६७२५ या दराने स्थिर आहे. पूर्वी तर हा प्रश्नच नव्हता : भारतीय रुपया हेच आखातातील बऱ्याच भागाचे चलन होते, सोन्याच्या चोरट्या आयातीमुळे १९५९ मध्ये तेथील वापरासाठी वेगळ्या आखाती रुपयाच्या नोटा काढाव्या लागल्या आणि जून १९६६ च्या अवमूल्यनानंतर उरलेल्या संस्थानांनीही तो सोडला. होळकरांच्या काळात ज्या चांदवडमध्ये टांकसाळ चालत होती, त्या गावातील व्यापारी आज डॉलरच्या भावाकडे पाहून कांद्याची बोली ठरवतात, हा इतिहासाचा मोठा गमतीदार फेरा आहे.

आता मालाच्या प्रवासाकडे वळले पाहिजे. निर्यातदाराकडे विदेशी व्यापार महासंचालनालयाचा आयात-निर्यात संकेतांक असावा लागतो आणि कृषिमालासाठी अपेडा या संस्थेची नोंदणी असावी लागते. कांदा बाजार समितीतून व्यापाऱ्याच्या खळ्यावर येतो. तेथे गोल्टी (लहान कांदा), जोडकांदा आणि डेंगळ्याचा (फुलदांडा आलेला) कांदा बाजूला काढून आकारानुसार प्रतवारी होते आणि खरेदीदाराने सांगितलेल्या वजनाच्या जाळीच्या गोण्या भरल्या जातात. कंटेनर बहुधा मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदरातून रिकामा वर येतो आणि भरून परत जातो, म्हणजे कसारा घाटातील दोन्ही खेपांचे भाडे एकाच मालावर पडते. निफाड सहकारी साखर कारखान्याच्या जागेवरील कोरड्या बंदराची, म्हणजे समुद्रापासून दूर असूनही सीमाशुल्काची कामे आणि कंटेनरची हाताळणी जेथे उरकता येते अशा केंद्राची, मागणी इतकी वर्षे टिकून आहे ती याच दुहेरी भाड्यामुळे. भरलेल्या कंटेनरवर इलेक्ट्रॉनिक सील लावले जाते आणि १ जुलै २०१६ पासून लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय नियमानुसार त्याचे प्रमाणित एकूण वजन कळवल्याशिवाय तो जहाजावर चढवला जात नाही. दरम्यान सीमाशुल्क दलाल, ज्याला व्यवहारात आजही सीएचए म्हणतात, संगणकीय प्रणालीत शिपिंग बिल दाखल करतो. माल, किंमत, वजन आणि गंतव्य यांचे निर्यातदाराने शासनाला दिलेले घोषणापत्र म्हणजे शिपिंग बिल. वनस्पती-स्वास्थ्य प्रमाणपत्र, म्हणजे मालावर कीड, माती व रोग नसल्याचा अधिकृत निर्वाळा, १९५१ च्या आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण कराराच्या चौकटीत दिला जातो.

कांदा आणि द्राक्ष हे दोन्ही एकाच बंदरातून जात असले तरी त्यांचा प्रवास वेगळ्या स्वभावाचा असतो. काढणीनंतरही कांद्याचे श्वसन चालू राहते, त्यातून उष्णता व ओलावा बाहेर पडतो, आणि हवा खेळती नसेल तर बंद पेटीत त्याला कोंब व कुजवा येतो. म्हणून त्यासाठी वायुवीजनाची झडप उघडी ठेवलेला शीत कंटेनर वापरतात किंवा साध्या कंटेनरचे एक दार उघडे ठेवून तो डेकवर लादण्याची सोय करतात. वडनेरभैरव परिसरातील द्राक्षांना मात्र शून्य अंशाच्या जवळचे तापमान लागते आणि बुरशी रोखण्यासाठी पेटीत सल्फर डायऑक्साइड सोडणारा ग्रेप गार्डचा कागद घालावा लागतो. शीत कंटेनर माल थंड करीत नाही, थंड असलेला माल थंड ठेवतो, ही गोष्ट पूर्वशीतकरणात दोन तास वाचवू पाहणाऱ्याला दुबईच्या जेबेल अली बंदरात कळते, आणि तेव्हा ती फार महाग पडते.

न्हावा शेव्याहून जेबेल अली हा सागरी प्रवास चार-पाच दिवसांचा आहे. युरोपच्या मानाने हे अंतर किती सोयीचे, असे वरवर वाटते. परंतु या जवळीकीतूनच आखाती व्यापाराची सर्वांत नाजूक अडचण निर्माण झाली आहे. तिच्या मुळाशी बिल ऑफ लेडिंग, म्हणजे बोटीची भरणपावती, हा कागद आहे. ही पावती तीन कामे करते : माल मिळाल्याची पोच देते, वाहतुकीच्या कराराचा पुरावा ठरते आणि मालाच्या ताब्याचा हक्क स्वतःबरोबर वाहून नेते. मूळ पावती हाती असल्याशिवाय जहाज कंपनीने माल सोडायचा नाही, हा शतकानुशतकांचा नियम विक्रेत्याच्या रक्षणासाठी आहे. विक्रेता ती पावती बँकेमार्फत पाठवतो, खरेदीदार बँकेत पैसे भरतो आणि मगच पावती त्याच्या हाती पडते. ही साखळी महिनाभराच्या सागरी प्रवासाला शोभते. आखाताच्या बाबतीत मात्र जहाज निघाल्यावर पावती तयार होऊन निर्यातदाराकडे येणे, तेथून ती भारतीय बँकेत, मग कुरिअरने दुबईच्या बँकेत आणि मग खरेदीदाराकडे जाणे, एवढ्यात माल कधीच पोहोचलेला असतो. कांदा उन्हात तळमळत असतो, शीत कंटेनरच्या विजेचे भाडे चढत असते आणि मोफत मुदत संपल्यावर डेमरेज सुरू होते. डेमरेज म्हणजे भरलेला कंटेनर ठरलेल्या दिवसांपेक्षा जास्त बंदरात पडून राहिल्याचा आकार. रिकामा कंटेनर परत करायला उशीर झाला तर त्याचा आकार वेगळा असतो आणि त्याला डिटेन्शन म्हणतात.

या पेचातून बाहेर पडण्यासाठी निर्यातदार मूळ पावती मुंबईतच जहाज कंपनीला परत करतो आणि कंपनी तिकडच्या कार्यालयाला संदेश पाठवून मूळ कागदाशिवाय माल सोडायला सांगते. माल वेळेवर सुटतो, पण विक्रेत्याच्या हातातील एकमेव दोरी त्याने स्वतःच सोडून दिलेली असते. म्हणूनच नाशवंत मालाचा आखाती व्यापार बँकेच्या पतपत्रापेक्षा जुन्या ओळखीवर, अंशतः आगाऊ रकमेवर आणि पुष्कळदा ‘विकून पैसे’ या पद्धतीवर चालतो. शेवटच्या पद्धतीत दुबईतील अल अवीरच्या फळे-भाजीपाला बाजारात माल ज्या भावाने जाईल त्यातून दलाली व खर्च कापून उरलेले पैसे पाठवले जातात. मालाचा दर्जा बंदरात काय निघाला, किती गोण्या फेकल्या, हे सांगणारा एकटा खरेदीदारच असतो. १९५७ मध्ये स्थापन झालेल्या निर्यात पतहमी संस्थेचा विमा खरेदीदाराने पैसे बुडवण्याच्या जोखमीवर उतरवता येतो, तरीही दर्जाच्या वादात तो तोकडा पडतो. स्वतंत्र पाहणी करणाऱ्या संस्थेकडून उतरणीच्या दिवशी तपासणी करून घेण्याचा खर्च लहान निर्यातदाराला जड वाटतो. तो खर्च न करणे हीच या व्यापारातील सर्वांत महागडी काटकसर आहे.

पलीकडच्या किनाऱ्यावर आयातदाराकडे व्यापार परवाना आणि सीमाशुल्क खात्याचा संकेतांक लागतो, माल येण्यापूर्वी संगणकीय घोषणापत्र भरावे लागते आणि बीजक, पॅकिंग यादी, उगमाचे व वनस्पती-स्वास्थ्याचे प्रमाणपत्र यांतील नाव, वजन व गोण्यांची संख्या अक्षरशः जुळावी लागते. दुबईत अन्नाची तपासणी महापालिका करते, सौदीत ते काम अन्न व औषध प्राधिकरणाकडे आहे. कीडनाशकांचे अवशेष हा येथील कळीचा विषय आहे. सौदी अरेबियाने मे २०१४ मध्ये याच कारणावरून भारतीय हिरव्या मिरचीची आयात थांबवली होती, आणि २०१८ मध्ये निपाह विषाणूच्या साथीत अमिरातीने केरळमधील फळे-भाजीपाला रोखला होता. म्हणजे काही शेतांचा किंवा एका जिल्ह्याचा दोष साऱ्या राज्याच्या, प्रसंगी साऱ्या देशाच्या नावावर मांडला जातो. नाशिकच्या द्राक्षबागायतदारांना हा धडा २०१० मध्ये युरोपने क्लोरमेक्वाट या वाढरोधक रसायनाच्या अवशेषांवरून दिला होता. तेव्हापासून त्यांनी बागेपासून पेटीपर्यंत मालाचा माग ठेवण्याची जी शिस्त आणखी घट्ट केली, तिचा फायदा आखातातही होतो. कांद्याला तशी शिस्त अजून लागलेली नाही, कारण लिलावात एका ट्रॅक्टरचा माल दुसऱ्यात मिसळतो आणि मग शेत सापडत नाही.

पाकीटबंद मालावर अरबी भाषेतील मजकूर, उत्पादनाची व वापराच्या अंतिम मुदतीची तारीख छापलेली असणे आवश्यक आहे. निषिद्ध वस्तूंच्या यादीत मराठी घराला अनपेक्षित वाटावी अशी एक वस्तू आहे : खसखस. अफूच्या बोंडातून निघते म्हणून अमिरातीसह अनेक आखाती देशांत ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते, आणि दिवाळीच्या अनारशांवर किंवा घरच्या मसाल्यात गेलेली खसखसही प्रवाशाला मोठ्या संकटात टाकू शकते. व्यापारी मसाल्याच्या घटकयादीतून ती काढणे सोपे आहे. मुलाकडे निघालेल्या आईच्या डब्यातून काढणे अवघड.

इतके सारे असूनही आखाताचे नियम ठाऊक असतात, छापलेले असतात आणि सहसा रातोरात बदलत नाहीत. अलीकडच्या काळात रातोरात बदलले ते भारताचे. कांद्याची निर्यात सप्टेंबर २०१९ मध्ये आणि पुन्हा १४ सप्टेंबर २०२० रोजी बंद करण्यात आली होती. १९ ऑगस्ट २०२३ रोजी निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागले, तेव्हा जिल्ह्यातील बाजार समित्यांचे लिलाव काही दिवस थांबले. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर हे किमान निर्यातमूल्य ठरवले गेले, म्हणजे त्याखालच्या किमतीत माल बाहेर पाठवण्यास मनाई झाली. आणि ८ डिसेंबरपासून निर्यातच बंद झाली. ११ डिसेंबर २०२३ रोजी चांदवड येथे मुंबई-आग्रा महामार्गावर शरद पवार यांच्या उपस्थितीत झालेला रास्ता रोको या निर्णयाविरुद्धचा होता. आखाताचा सर्वसाधारण दर ५ टक्के, कांद्याला तोही नाही, आणि त्याच कांद्यावर मायदेशाने ४० टक्के शुल्क लावले, ही विसंगती त्या आंदोलनातील घोषणांपेक्षा अधिक बोलकी आहे.

शहरी ग्राहकाला महाग कांद्यापासून वाचवणे हा शासनाचा हेतू गैर म्हणता येणार नाही. पाऊस हुकलेल्या वर्षी साठा देशात राहावा ही चिंता खरी असते. परंतु मधल्या काळात जे घडले ते व्यापाराच्या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे. बंदी चालू असतानाच मार्च २०२४ मध्ये नॅशनल कोऑपरेटिव्ह एक्सपोर्ट्स या संस्थेमार्फत अमिरातीला १४,४०० टन कांदा, तिमाहीला ३,६०० टनांच्या मर्यादेत, पाठवण्यास परवानगी मिळाली आणि एप्रिलमध्ये आणखी १०,००० टनांची भर पडली. म्हणजे आखाताला कांदा मिळत होता, फक्त ज्या खळेवाल्याने वर्षानुवर्षे तेथील खरेदीदार जोडला होता त्याच्याकडून मिळत नव्हता. आणि वर सांगितल्याप्रमाणे हा व्यापार जर कागदापेक्षा ओळखीवर चालत असेल, तर त्या खळेवाल्याचे भांडवलच काढून घेतले गेले. ४ मे २०२४ रोजी बंदी उठली तरी ५५० डॉलरचे किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क राहिले, १३ सप्टेंबर २०२४ रोजी किमान मूल्य जाऊन शुल्क २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून ते पूर्णपणे हटले. या वीस महिन्यांत आखाती आयातदाराला पाकिस्तान, इजिप्त, तुर्कस्तान आणि येमेन येथून माल घेण्याची सवय करून घ्यावी लागली. तिखटपणा, रंग आणि टिकाऊपणा यांत नाशिकच्या उन्हाळ कांद्याची बरोबरी होत नाही असे तेथील भारतीय ग्राहक मानत असला, तरी उपाहारगृहे आणि कामगारांच्या भोजनालयांना पुरवठा करणारा ठेकेदार चवीपेक्षा पुढच्या आठवड्यात माल येईल की नाही हे आधी विचारतो.

भूगोलाचा एक मुद्दा राहतो. जेबेल अली, दम्माम, दोहा आणि कुवेत ही सर्व बंदरे होर्मुझच्या सामुद्रधुनीच्या आत आहेत, तर अमिरातीचे खोर फक्कान व फुजैरा आणि ओमानचे सोहार बाहेर आहेत. त्या सामुद्रधुनीत तणाव वाढला की युद्धजोखमीचा विमा आणि भाड्यावरील अधिभार वाढतो, आणि सीआयएफ किमतीवर शुल्क असल्यामुळे ती वाढ शुल्कपात्र मालाच्या शुल्कातही उतरते. बाहेरच्या बंदरात माल उतरवून ट्रकने आत नेण्याचा मार्ग निर्यातदाराने करार करतानाच विचारात घ्यावा असा आहे.

दुसरा मुद्दा कालगणनेचा. हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्याने आखातातील सर्वाधिक मागणीचा रमजान महिना दरवर्षी तेवढा अलीकडे सरकतो. २०२३ मध्ये तो २३ मार्चला, म्हणजे उन्हाळ कांद्याची काढणी सुरू होत असताना आला. २०२५ मध्ये १ मार्चला आला. आणि २०३० मध्ये तो जानेवारीत एकदा व डिसेंबरअखेर पुन्हा सुरू होईल. म्हणजे येत्या काही वर्षांत आखाताची ऐन मागणी कांदाचाळीत सहा महिने टिकणाऱ्या उन्हाळ कांद्याच्या हंगामातून निघून, काही आठवड्यांतच उतरणाऱ्या लाल आणि रांगड्या कांद्याच्या हंगामात जाणार आहे. लाल कांद्याला चाळीत थांबवून भावाची वाट पाहता येत नाही. तो लिलावाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कंटेनरमध्ये आणि आठवड्याच्या आत अल अवीरच्या गाळ्यात असावा लागेल. अमिरातीने २०२२ पासून शनिवार-रविवार सुटी स्वीकारली आहे आणि शुक्रवारी दुपारनंतर शासकीय कामकाज थांबते, हे पाहता रमजान महिन्यातील जहाज कोणत्या वारी लागते, यावरही चांदवडच्या आदल्या आठवड्यातील बोलीचे गणित बसवावे लागणार आहे.